कोठडीच्या भिंतीवरचं मराठी पत्रक

आजचा लेख नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. सुरुवात एका रात्रीपासून करते.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना रात्री अकराच्या सुमारास फोन आला. वर्गातल्या एका मित्राला चहाच्या टपरीवरून पोलिसांनी उचललं होतं. तिथे कुणाची तरी मारामारी झाली होती आणि हा बाजूला उभा होता. आम्ही सहा जण ठाण्यात पोहोचलो. सहाही जण पदव्युत्तर शिक्षण घेणारे, परीक्षेत वर्गीकरणमापनाच्या आलेखावर पानंच्या पानं लिहिणारे. ठाणे अंमलदारांनी विचारलं, "काय काम आहे?" आणि आमच्यातल्या एकालाही पुढचं वाक्य सुचेना. त्याला का आणलंय हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, की विचारलं तर साहेब उलट त्याच्यावरच राग काढतील, हेच ठरेना. "चौकशीला आणलंय, सकाळी या," एवढं ऐकून आम्ही बाहेर आलो.

सकाळी त्याला सोडलं. हातात एकही कागद नव्हता. त्याला अटक झाली होती का, या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही.

पुढे पीएच.डी.साठी न्यायालयं वैज्ञानिक पुराव्याकडे कसं बघतात हा विषय घेतला आणि निकालपत्रं वाचायची सवय लागली. त्यात एका निकालात एक ओळ सापडली आणि ती रात्र आठवली. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस कोठडीत अटक झालेल्या माणसाचे हक्क मराठीत छापून लावा. म्हणजे त्या रात्री आम्ही ज्या भिंतींकडे बघत उभे होतो, तशाच भिंतींबद्दल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आमच्या जन्माआधी विचार केला होता!

तेव्हापासून मी एक प्रश्न घेऊन या इतिहासाकडे बघते. हक्क कधी मिळाला, हे पुस्तकात सापडतं. पण तो हक्क माणसाला माहीत असण्याची जबाबदारी कुणाची होती? त्याची स्वतःची, की त्याला पकडणाऱ्याची?

पुणे, १८९७

तुलनेसाठी थोडं मागे जाऊ. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर जुलै महिन्यात सरकारने दोन प्रकारची धरपकड केली. टिळकांना राजद्रोहाच्या कलम १२४ अ खाली पकडलं. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला, खटला चालला, त्यांना वकील मिळाले आणि शिक्षाही झाली. त्याच सुमारास पुण्यातले सरदार नातू बंधू पकडले गेले, पण मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली. त्यांच्यावर ना आरोप ठेवला गेला, ना खटला चालला.

शाळेत आपण टिळकांचा खटला वाचतो आणि अन्याय तिथेच संपला असं समजतो. पण नातूंची अवस्था जास्त बिकट होती. टिळकांना निदान कशाला उत्तर द्यायचं हे ठाऊक होतं. ज्याला आपल्यावरचा आरोपच माहीत नाही, तो बचाव कशाचा करणार?

कलम २२ कसं आलं

आता संविधान सभेत येऊ. डिसेंबर १९४८ मध्ये सभेने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम मंजूर केलं. तेच आजचं कलम २१. त्यात अमेरिकेसारखी 'योग्य प्रक्रिया' ही शब्दयोजना न ठेवता 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे शब्द ठेवले. म्हणजे विधिमंडळाने कायदा केला की त्या कायद्यानुसार माणसाला पकडता येणार. कायदा स्वतः न्याय्य आहे का, हे तपासायला न्यायालयाला फारशी जागा राहिली नाही. सभेतल्या अनेकांना हे खटकलं.

म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी १५ अ हे नवं कलम मांडलं. तेच पुढे कलम २२ झालं. आधीच्या कलमात जे गमावलं त्याची ही भरपाई आहे, अशी त्यांची भूमिका होती. ही तत्त्वं फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेतच, मग संविधानात कशाला, या शंकेलाही त्यांनी उत्तर दिलं. साधा कायदा संसद बदलू शकते. संविधानात गेलेली गोष्ट तिला तशी सहज काढून टाकता येत नाही.

कलम २२ च्या पहिल्या दोन खंडांत तीन गोष्टी आहेत. अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगायची. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा. आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं. त्याच कलमात पुढे प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूदही आहे आणि तशा स्थानबद्ध माणसाला हे दोन खंड लागू होत नाहीत. नातू बंधूंची सावली स्वतंत्र भारतातही पूर्ण पुसली गेली नाही, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं.

तर १९५० पासून 'कारणं सांगा' हे मूलभूत हक्कांत आहे. मग पुढच्या पंचाहत्तर वर्षांत न्यायालयांना त्यावर इतकं लिहावं का लागलं? कारण 'सांगणं' म्हणजे नेमकं काय, हे ठरायचं होतं.

कोणत्या भाषेत सांगायचं?

पहिलं महत्त्वाचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आलं. 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा १९६२ चा निकाल. एका माणसाला प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलं होतं. अशा स्थानबद्धालाही कारणं कळवावी लागतात, कारण त्याशिवाय त्याला सरकारकडे निवेदन करता येत नाही. कारणांचा लांबलचक कागद इंग्रजीत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने हिंदीत प्रत मागितली, ती नाकारली गेली. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी अर्थ सांगितला आहे, एवढं पुरे, असं सरकारचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही आणि स्थानबद्धता बेकायदा ठरवली. आपल्याला समजेल अशा भाषेत आणि लिपीत कागद हाती नसेल, तर माणूस आपली बाजू मांडणार कशाच्या आधारावर?

या निकालाचं साल लक्षात ठेवा. शेवटी पुन्हा लागेल.

पत्रक

आता १९८३ कडे. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा कैदी स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं, की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन पाहणी करायला सांगितलं. त्यांच्या अहवालातून आणखी एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. कैद्यांना कायदेशीर मदत मिळण्याची व्यवस्थाच धड नव्हती.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल आला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच, अटकेची खबर लगेच जवळच्या विधी साहाय्य समितीला, माणसाने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं, आणि मारहाणीची तक्रार आहे का हे दंडाधिकाऱ्याने स्वतः विचारणं, असे बरेच निर्देश त्यात आहेत. आणि त्यातच ते पत्रक आहे. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारं पत्रक तयार करावं, राज्य सरकारने ते मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापावं, प्रत्येक कोठडीत लावावं आणि माणसाला ठाण्यात आणल्याबरोबर त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावं.

'वाचून दाखवावं' हे पुन्हा वाचा. भिंतीवर नुसतं लावून भागणार नाही, हे न्यायालयाला कळत होतं. ज्या स्त्रियांच्या तक्रारीवरून हे सगळं सुरू झालं, त्यांच्यातल्या एखादीला वाचता आलं नसतं तर? आणि वाचता येणारा माणूसही कोठडीच्या भिंतीसमोर बधिर होतो. आमच्या बाबतीत तर आत जायचीही गरज पडली नाही, अंगणातच वाचा बसली.

मागितलं नाही म्हणून

याच काळात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या निकालांतून आणखी एक धागा तयार होत होता. १९८० मध्ये बिहारमधल्या भागलपूरला पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याचं प्रकरण देशभर गाजलं. १९८१ च्या 'खत्री' निकालात न्यायालयाला दिसलं, की या कैद्यांना दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं तेव्हा वकील दिलेला नव्हता. का? तर त्यांनी मागितला नव्हता. न्यायालयाने विचारलं, की मोफत वकील मिळतो हेच ज्याला माहीत नाही, तो मागणार कसा? पहिल्यांदा समोर उभं केल्यापासून हा हक्क आहे आणि तो आहे हे सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं ठरलं.

१९८६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या 'सुक दास' प्रकरणात न्यायालय एक पाऊल पुढे गेलं. वकिलाशिवाय खटला चालून शिक्षा झाली होती. आरोपीने मदत मागितली नव्हती, हा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि शिक्षा रद्द केली. पुढे २०१२ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यातल्या अजमल कसाबच्या अपिलातही न्यायालयाने हेच कर्तव्य पुन्हा सांगितलं. ज्याच्याबद्दल देशात कुणालाच सहानुभूती नव्हती अशा माणसाच्या खटल्यातही नियम तोच राहिला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे बदलताना दिसतं. कायद्याचं अज्ञान ही सबब चालत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कोठडीतल्या माणसाच्या हक्काबाबत न्यायालयाने जवळजवळ उलट सांगितलं. त्याचं अज्ञान ही शासनाची सबब होऊ शकत नाही.

"मदतीला बोलावलं होतं"

पण त्यालाही एक पळवाट होती. अटक झालीच नाही असं म्हटलं तर?

७ जानेवारी १९९४ रोजी गाझियाबादच्या पोलिसांनी जोगिंदर कुमार या २८ वर्षांच्या तरुणाला चौकशीला बोलावलं आणि ठेवून घेतलं. घरच्यांना पत्ता लागेना. बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. पोलीस प्रमुखांचं म्हणणं होतं, की तो कोठडीत नव्हताच. अपहरणाच्या काही प्रकरणांत त्याची मदत घेत होतो. हा तरुण कोण होता? वकील! कायदा ज्याचा व्यवसाय, त्यालाही कायदा माहीत असल्याचा उपयोग झाला नाही. हे वाचलं तेव्हा आम्हा सहा जणांबद्दलची माझी लाज थोडी कमी झाली.

न्यायालयाने त्या निकालात बजावलं, की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि अटक करणं समर्थनीय असणं वेगळं. शिवाय अटकेची खबर आपल्या माणसाला देण्याचा हक्क आणि तशी डायरीत नोंद हे बंधनकारक केलं.

मग १८ डिसेंबर १९९६ चा 'डी. के. बसू' निकाल आला. पश्चिम बंगालमध्ये विधी साहाय्याचं काम करणाऱ्या बसूंनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. दहा वर्षांनी त्यातून अकरा निर्देश निघाले. अटक करणाऱ्याच्या गणवेशावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसावा. अटक करतानाच लेखी नोंद व्हावी, तिच्यावर तारीख आणि वेळ असावी, घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असावी आणि अटक झालेल्याचीही सही असावी. मागणी केल्यास अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद व्हावी. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. शेवटी न्यायालयाने सुचवलं, की हे सगळं आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून सांगावं आणि स्थानिक भाषेत पत्रकं वाटावीत. तेरा वर्षांनी पुन्हा पत्रक!

तुमच्यातले जे विज्ञान शाखेतून आलेत, त्यांना प्रयोगवही माहीत आहे. निरीक्षण त्याच वेळी, तारीख घालून लिहायचं. नंतर आठवून लिहिलेलं चालत नाही, खाडाखोड केली तर सही करायची. त्यामागचं कारण साधं आहे. निकाल हवा तसा आल्यावर माणसाची आठवण त्या निकालाच्या बाजूने झुकते. अटकेची लेखी नोंद हे तसंच पान आहे. त्यावरची वेळ हा २४ तासांच्या घड्याळाचा शून्य बिंदू आहे. पानच नसेल तर घड्याळ कधी सुरू झालं, हे कोण सांगणार? माझ्या मित्राचं असं पानच कधी लिहिलं गेलं नाही.

तोंडी की लेखी?

एवढं होऊनही 'आम्ही तोंडी कारणं सांगितली होती' हा युक्तिवाद शिल्लक होता. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी 'पंकज बन्सल' निकालात सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या अटकांमध्ये कारणांची लेखी प्रत देणं आवश्यक ठरवलं. मे २०२४ मध्ये 'प्रबीर पुरकायस्थ' निकालात तेच यूएपीएला लागू झालं. फेब्रुवारी २०२५ च्या 'विहान कुमार' निकालाने सांगितलं, की कारणं कळवली होती हे सिद्ध करायचा भार पोलिसांवर आहे.

आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी 'मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल आला. वरळीतल्या मोटार अपघाताच्या प्रकरणातून आलेला हा निकाल सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन मसीह यांचा. गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला समजेल त्या भाषेत द्यायची. जागेवर लेखी देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. हा नियम निकालानंतरच्या अटकांना लागू आहे.

आता १९६२ आठवा. समजेल त्या भाषेत आणि कागदावर, हेच तेव्हा एका स्थानबद्धाला मिळालं होतं. प्रत्येक अटकेपर्यंत ते पोहोचायला ६३ वर्षं लागली.

मग ठाण्यात काय विचारायचं?

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ आली आहे. कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून जुनी गाइडं वापरताना जपा. आपल्या कामाचं एवढं:

कलम ४७: अटकेची कारणं ताबडतोब सांगणं, गुन्हा जामीनपात्र असेल तर जामिनाचा हक्क आहे हेही सांगणं.
कलम ४८: नातेवाइकाला किंवा मित्राला खबर देणं.
कलम ३६: अधिकाऱ्याची ओळख आणि साक्षीदाराच्या सहीसह अटकेची नोंद.
कलम ३८: चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येणं, मात्र पूर्ण वेळ नाही.
कलम ५३: वैद्यकीय तपासणी.
कलम ५८: २४ तासांची मर्यादा.
कलम ४३ (५): अपवादात्मक परिस्थिती सोडून सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत स्त्रीला अटक नाही, अपवाद करायचा तर महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची.
कलम ३५ (३): अटक गरजेची नसेल तेव्हा हजर राहण्याची नोटीस.

याशिवाय संविधानाच्या कलम २० (३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ शकत नाही. आणि विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक फोनमध्ये आजच ठेवा.

पण रात्री अकरा वाजता हे क्रमांक आठवणार नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. तेव्हा तीनच प्रश्न लक्षात ठेवा, आणि आवाज न चढवता विचारा. "साहेब, त्याला अटक केली आहे का?" उत्तर 'हो' असेल तर, "कारणांची लेखी प्रत मिळेल का, आणि नोंदीत वेळ किती लिहिली आहे?" उत्तर 'नाही' असेल तर, "मग तो आत्ता आमच्याबरोबर येऊ शकतो का?" उत्तर काहीही मिळो, वेळ आणि समोरच्या अधिकाऱ्याचं नाव आपल्या वहीत लिहा. या प्रश्नांनी दार उघडेलच असं मी म्हणणार नाही. पण उद्या कुणी विचारलं तर त्या रात्रीचं एक पान तरी असेल.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी एक शेवटचं. या विषयावर टिपण लिहायला बसलात तर १९५०, १९७३, २०२३ अशी कायद्यांची सनावळी पटकन तयार होईल आणि ती बरोबरही असेल. पण त्यात शीला बारसेंच्या त्या पंधरा स्त्रिया सापडणार नाहीत. त्या सापडतात निकालाच्या सुरुवातीच्या परिच्छेदांत, जे आपण घाईत ओलांडून थेट 'निर्देश' गाठतो. तथ्यांचे ते परिच्छेद आधी वाचा. कुणाला काय माहीत नव्हतं, हे तिथेच लिहिलेलं असतं.

परवा कामानिमित्त एका ठाण्यात जावं लागलं. वाट बघताना सवयीने भिंती बघितल्या. सूचनांचे बरेच फलक होते, त्यात अटक झालेल्या माणसाच्या हक्कांचाही एक होता, मराठीत. त्याच्या निम्म्या भागावर कुणीतरी कॅलेंडर टांगलं होतं. मी अंमलदारांना विचारून ते बाजूच्या खिळ्यावर लावलं. ते काही बोलले नाहीत.